सही करील तो बसेल

इतरांच्या घरी डबा रिकामा परत येतो. आमच्याकडे त्यात किस्सा असतो. लग्नाला जेमतेम सात महिने झालेत, पण मी घासलेल्या डब्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत!

आमचे हे विमानाचे इंजिनियर. लायसन्स-परमिटचे दिवस सरले, शेठांच्या पंपांचा धंदा फुलला आणि त्यांनी छोटं विमान घेतलं. एक इंजिन, चार सीट. ते चालवतात हवाई दलातून निवृत्त झालेले कॅप्टन, आणि धडधाकट ठेवतात हे. स्थळ आलं तेव्हा माझ्या डभोईच्या मामांनी एवढंच विचारलं होतं, "चारच? आमच्या छकडा रिक्षात पंधरा बसतात!"

* * *

हँगरमध्ये कॅप्टनांचा एकच कायदा. दुरुस्तीनंतर कागदावर जो सही करील, तो पहिल्या फेरीत शेजारी बसेल. "हात तुझा, तर मानही तुझीच!"

त्यामुळे सहीच्या दिवशी सासूबाई ह्यांच्या हातावर दही घालतात, आणि मी कारेलीबागेतल्या आमच्या गच्चीवर टॉवेल वाळत घालते. एकच टॉवेल, चार वेळा. विमानाचा ठिपका वर जाऊन परत खाली येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. एरवीही मी फारशी बोलत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही!

* * *

कॅप्टन अपघातांची वही ठेवतात. आजवरचे सगळे अपघात जमिनीवरचे!

दसऱ्याला शेठांच्या आई, म्हणजे बा, पूजेला आल्या. नारळ कुठे फोडायचा, हे त्यांना कुणी सांगायच्या आत त्यांनी तो विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्यावर घातला. पात्याला खोक पडली, विमान तीन आठवडे बंद.

वहीतली नोंद: "विमान उभे. वेग शून्य. समोरून नारळ."

बा मात्र खूश. "फुटला ना एका घावात? शुकन चांगला!"

* * *

मग शेठांना स्वतः विमान शिकायची हौस आली. पहिल्या दिवशी कॅप्टनांनी त्यांना सीटवर बसवलं आणि म्हणाले, "द्या फुल पॉवर!"

इंजिन गरजलं, विमान थरथरलं, शेठ घामाघूम. पाच मिनिटांनी छाती काढून उतरले. "आजे तो जराय बीक ना लागी!"

भीती वाटायचं कारणच नव्हतं. चाकांपुढचे लाकडी ठोकळे कॅप्टनांनी काढलेच नव्हते!

* * *

उडण्यापूर्वी माणसांचं आणि सामानाचं वजन होतं. एकदा शेठ, शेठाणी आणि नवे जावई निघाले होते. बरोबर व्याह्यांसाठी हिरव्या चेवड्याची पोती. काटा भलताच पुढे गेला.

कॅप्टन म्हणाले, "शेठ, एक काहीतरी उतरवा. माणूस नाहीतर चेवडा."

शेठांनी खरंच विचार केला. मग अत्यंत आदराने हात जोडले, "जमाईराज, तमे ट्रेनमां आवो!"

* * *

आणि हा गेल्या महिन्यातला. हे डबा घरीच विसरले, म्हणून मी तो घेऊन पहिल्यांदा हँगरवर गेले. शेठांना भावनगरला भाच्याच्या साखरपुड्याला जायचं होतं, आणि ह्यांच्या हातात काचेची बाटली. टाकीतून काढलेल्या पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे थेंब.

"हे पाणी गेलं तर इंजिन हवेतच बंद पडेल. टाकी उपसावी लागेल. दोन तास," हे म्हणाले.

"अरे, दूधवालाही पाणी घालतो! कोण मेलं?" शेठ कडाडले. "सही कर, नाहीतर उद्यापासून घरी बस!"

ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. नोकरी जाणार, हे मला दिसत होतं. पण मनात म्हटलं, घरी बसा, चालेल. त्या सीटवर नको.

"विमान माझं, सही पण माझी!" शेठांनी कागद ओढला आणि चांगली मोठी, वळणदार सही ठोकली.

कॅप्टनांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि अदबीने विमानाचं दार उघडलं.

"या शेठ. पहिली फेरी."

शेठांनी बाटलीकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. आभाळाकडे पाहिलं, ते अगदी स्वच्छ होतं. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"वहूबेटा," बाकावर मांडी ठोकून बसत ते म्हणाले, "डब्बामां शुं छे?"