बिनखिळ्याचं खुराडं

आमचे मालक, लहानू सुतार, जिभेचे लय तिखट. दिंडोरीपासून सटाण्यापर्यंत लोकांना दारं बसवून दिली, पण चौकटीत जरा फट राहिली तं हाताखालच्या माणसाची खैर नाय. मी त्यांची बायको, नवसाबाई. माझ्या भाकरीची कड वाकडी आली तरी बोलून दाखवायचे.

मागल्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला. जीभ हळूहळू वळायला लागली, पण बोलायचं मनच राहिलं नाय. भिंतीकडं तोंड करून ओसरीवर बसून राहायचे. मी चिडायची, "अहो, निदान शिव्या तरी द्या!" घर खायला उठायचं मला.

आजाराच्या आधी त्यांनी शेवटचं काम केलं, ते माझ्या कोंबड्यांचं खुराडं. उरलेल्या सागाच्या फळ्या, सगळं खुंट्यांवर जोडलेलं, एक खिळा नाय.

यंदा उन्हाळ्यात कोंबड्यांचे तुरे पांढरे पडले. एक कोंबडी तं सकाळी मरूनच पडलेली. मी फळीच्या फटीत दाभण घातलं, तं रक्त पिऊन टम्म फुगलेले गोचीड बाहेर आले! मेले दिवसा लाकडात लपायचे आणि अंधार पडला की कोंबड्यांवर चढायचे. मी सीताफळाच्या बिया वाटल्या, निर्गुडीचा पाला उकळला. ते पाणी डोळ्यांना लय वाईट, म्हणून तोंड फिरवून फटीफटीत ओतलं. थोडे दिवस बरं गेलं. मग दुसरीनंही मान टाकली.

शेजारची अक्काबाई म्हणाली, "जाळून टाक ते खुराडं, नायतर एक कोंबडी उरायची नाय."

"कसं जाळू गं?" मला रडूच फुटलं. "त्या हातांनी आता दुसरं व्हायचं हाय का?"

"खुंट्या काढ," मागून आवाज आला. मालक! जीभ जड, पण बोलणं कळत होतं. "सांध्यात बसलेत ते. वरून पाणी पोचत नाय. सगळं खोल."

"आणि परत जोडायचं कोणी?"

त्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्याकडं केलं.

खोललं, तं प्रत्येक सांध्यात गोचिडांची दाटी. शी! एकेक फळी त्या काढ्यात बुडवली, उन्हात वाळवली. कोंबड्यांना तोवर डालग्याखाली ठेवलं. पुढं त्यांचे तुरे लाल झाले, खुराडंही वाचलं.

पण जोडायच्या दिवसाचं सांगते. मी लाकडी हातोडा घेऊन बसले, मालक शेजारी. पहिलीच खुंटी ठोकली, तसे ते ओरडले, "अगं ए, डोळे फुटले का? उलटी हाय ती! अक्कल कधी यायची तुला?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. अक्काबाई कुंपणावरून म्हणाली, "एवढं करती बिचारी, आणि वर बोलणी खाती!"

मी पदरानं डोळे पुसले, आणि दुसरी खुंटी मुद्दाम उलटी ठोकली.