बोटभर सरकलेली सोंगटी

आमच्या तळेगावच्या सोसायटीत गौरी-गणपतीला बायकांच्या कॅरम डबल्स असतात. माझी जोडीदार असायची माझी धाकटी जाऊ. घरात आमचं अधूनमधून वाजतं, पण बोर्डावर समोरासमोर बसलो की ती माझा उजवा हात. लागोपाठ दोन वर्षं आम्ही फायनलला एकाच जोडीकडून हरलो होतो. त्यामुळे तिसऱ्या वर्षी मी इरेला पेटले होते.

खेळायला बसण्याआधी ती म्हणाली, "ताई, बांगड्या काढून ठिवा की. सोंगट्यांना लागत्यात."

"सणाच्या दिवशी मोकळ्या हातानं बसू व्हय?" मी खेकसले. तिनं स्वतःच्या काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या.

फायनलला पुन्हा तीच जोडी, शेवटचा डाव. त्यांच्या दोनच काळ्या उरलेल्या, आमच्या चार पांढऱ्या आणि राणी. पाळी माझी होती. एक पांढरी घेतली आणि स्ट्रायकर उचलायला हात पुढं केला, तेवढ्यात बांगडी लागून दुसरी पांढरी बोटभर सरकली, नेमकी पॉकेटच्या रेषेत. पंच पावडरचा डबा शोधत होते. त्या दोघी मागं बसलेल्या बायकांशी बोलत होत्या. पाहिलं फक्त जावेनं.

मी मान खाली घातली. ती सरकलेली घेतली, मग राणी, मग तिच्या कव्हरची म्हणून आणखी एक पांढरी. खरं सांगते, आनंद होत होता. पुढचा फटका चुकला. माझ्या उजवीकडं बसलेल्या त्यांच्यातल्या एकीनं एक काळी घेतली आणि तिचाही पुढचा फटका चुकला.

पाळी जावेची. आमची शेवटची पांढरी पॉकेटच्या तोंडाशी होती, फुंकर मारली तरी पडावी अशी. तिनं माझ्याकडं बघितलं आणि स्ट्रायकर भलतीकडंच मारला. पुढच्या पाळीला त्या जिंकल्या.

जिन्यात मी तिला गाठलं. "मुद्दाम चुकवलंस ना?"

"व्हय."

"मग तवाच सांगायचं पंचांना!"

"तुमचं नाव मी कसं घ्यायचं, ताई?" तिचे डोळे भरले होते. "तुमी आता बोलाल, मंग बोलाल, म्हनून दर फटक्याला मी वाट बघत व्हते."

दोन पायऱ्या उतरून ती म्हणाली, "पुढल्या वर्षी दुसरी जोडीदार बघा."

याला तीन वर्षं झाली. दुसरी मी बघितलेली नाही, आणि तिला विचारायची हिंमतही झालेली नाही.