ओताकारची दुसरी फुंकर

ऐन सुलैम गावात ओताकार दारू पीत नाही यावर विश्वास असलेला एकच माणूस होता, आणि तो स्वतः ओताकारच होता.

यात गावाचाही फारसा दोष नाही. माणूस झेक. त्यांच्याकडे पाण्यापेक्षा बिअर स्वस्त असते, असं फ्रान्सहून सुट्टीवर येणारे आमचे लोक शपथेवर सांगतात. त्यात त्याचं नाक बाराही महिने लाल. दक्षिण ट्युनिशियाच्या उन्हात ते सोलून निघतं म्हणून लाल, पण नाकावर कारण लिहिलेलं नसतं. तो "मी पीत नाही" म्हणाला की लोक गंभीरपणे मान डोलवायचे. "हो हो, सी ओताकार, आम्ही तरी कुठे पितो?" (सी म्हणजे आमच्याकडचं राव.) लग्नघरात पोरं त्याला हळूच मागच्या परसात बोलवायची आणि तो आला नाही की म्हणायची, "म्हातारा घरूनच लावून आलाय."

विहिरी खणणाऱ्या एका कंपनीबरोबर तो आला. कंपनीने गाशा गुंडाळला, हा राहिला. कारण विहिरी होत्या, विहिरींवर पंप होते, आणि पंप बिघडतात. खजुरीच्या बागांना पाळीने पाणी मिळतं. ज्याची पाळी आली त्याचाच पंप नेमका बंद पडतो. मग तो माणूस वेड्यासारखा ओताकारला शोधत फिरतो. गावातल्या प्रत्येकाने त्याला कधी ना कधी देवदूत म्हटलेलं आहे. प्यायलेला देवदूत, पण देवदूत.

त्याच्याकडे एक पांढरी पिकअप होती. सगळे इंडिकेटर लागणारी गावातली ती एकमेव गाडी. पाव आणायला जातानाही तो पट्टा लावायचा. चौकीवर आम्ही लोक हात वर करून, जमलं तर शिवी हासडून पुढे निघतो. ओताकार मात्र गाडी थांबवायचा, इंजीन बंद, काच खाली, काळा चष्मा खिशात, दोन्ही हात चाकावर. मग पोलिसाच्या तब्येतीची चौकशी, त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी. ड्यूटी संपलेल्या पोलिसाला कुणीतरी गाडीतून घरी सोडायचं ही आमच्याकडची रीतच आहे. ओताकारने इतक्यांना सोडलं होतं की कोणाच्या दारात कुठलं कुत्रं आहे हे त्याला पाठ होतं.

"इतकं कशाला घाबरायचं रे?" माझा जीलानीमामा त्याला विचारायचा. मामा त्याचा शेजारी.

"घाबरत नाही. मी पाहुणा आहे," ओताकार म्हणायचा. "तुझं लायसन गेलं तर तू गाढवावरून जाशील. माझं गेलं तर राहण्याचं कार्ड नवं करताना तो साहेब विचारील, का गेलं? मग मी कुठे जाऊ?"

तर या माणसाचं साल्हाशी जमलं. साल्हा शेजारच्या बीर तमार गावात मुलींना शिवण शिकवायची. शिवणवर्गाच्या पंपाला काही झालेलं नसतानाही ओताकार तो दुरुस्त करायला वारंवार जातो, हे आधी गावाच्या ध्यानात आलं आणि मग त्या दोघांच्या. मुसलमान तो केव्हाच झाला होता. इमामाने त्याला छानसं नवं नावही दिलं होतं, पण गावाची जीभ ओताकारला सरावली होती.

अडचण होती ती साल्हाच्या मोठ्या भावाची. बूबाकर, खजुराचा व्यापारी, कमी बोलणारा, दिवसभर खजूर पारखून माणसंही तशीच चिमटीत धरून बघणारा. साल्हाचा पहिला नवरा प्यायचा आणि गाडी चालवायचा. दोन्हींतलं एकच करत असता तर साल्हा विधवा झाली नसती. म्हणून बूबाकरचा निरोप आला तो असा: "परदेशी चालेल. टकला चालेल. पिणारा चालणार नाही. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर या, त्याच्या सचोटीची हमी घेणारा एक वडीलधारा बरोबर आणा."

वडीलधारा म्हणून जीलानीमामाची नेमणूक झाली. मी का गेलो? कारण मिठाईचं खोकं मांडीवर धरायला कुणीतरी हवं होतं.

निघताना झोहरामामीने गाडीत लाग्मीचा कॅन ठेवला. लाग्मी म्हणजे खजुरीच्या झाडाची नीरा. पहाटे झाडावरून उतरवलेली ती मधासारखी लागते, आणि मुलीकडे जाताना ती न्यायची हे आमच्याकडे शुभ. पण नीरेचं जे होतं ते तिचंही होतं. उन्हात राहिली की दुपारपर्यंत तिची ताडी होते. आता गंमत अशी की आमच्या गावच्या लेखी ताडी झाली तरी ती दारू नव्हे. दारू बाटलीत असते, तिला झाकण असतं, ती शहरातून येते. जे झाडातून येतं ते दारू कसं असेल? मामा तर म्हणतो, थोडी आंबली की पोटाला बरी.

आम्ही वेळेत पोचलोही असतो. पण अर्ध्या वाटेवर एक शेतकरी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

"थांबू नकोस," मामा म्हणाला.

ओताकार थांबला.

"सी ओताकार, देवानेच धाडलं तुला! पाण्याची पाळी चालू आहे आणि पंप गेलाय!"

"अरे हा आज नवरदेव आहे!" मामा ओरडला.

"मुबारक हो! नवरदेवाला पाना धरता येत नाही का?"

ओताकारने कोट काढून माझ्याकडे दिला आणि विहिरीत उतरला. बराच वेळ खालून फक्त झेक भाषेतल्या शिव्या येत होत्या. पाणी सुरू झालं तेव्हा नमाज कधीच होऊन गेला होता. घामाघूम होऊन तो वर आला, गाडीकडे गेला, कॅन उचलला आणि तोंडभर लाग्मी घेतली.

घेतली आणि गिळली नाही. त्याचे डोळे विस्फारले. पुढच्या क्षणी त्याने ती सगळी फुर्रकन बाहेर टाकली. निम्मी वाळूत, निम्मी स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टावर.

"काय झालं? विंचू होता का?" मी विचारलं.

"मेली आहे ही," तो म्हणाला. आंबलेल्या लाग्मीला आम्ही मेलेलीच म्हणतो. त्याचा चेहरा असा पांढरा पडला होता की क्षणभर नाकही लाल राहिलं नाही.

"चल चल, शर्ट वाऱ्यावर वाळेल," मामा म्हणाला. त्याने कॅन आपल्या पायांशी घेतला. आम्ही निघालो, आणि वळण घेतो न घेतो तोच चौकी आली.

चौकीवर नवा सार्जंट होता. नौफल नाव, उत्तरेकडचा, अंगावर गणवेशाची घडी जशीच्या तशी. सुट्टीच्या मोसमात गाड्या वाढतात म्हणून त्याला फुंकर मारायचं यंत्र मिळालं होतं, आणि अजून कुणी धड सावज सापडलं नव्हतं. ओताकारने नेहमीसारखं सगळं केलं. इंजीन बंद, काच खाली. आणि काच खाली गेल्याबरोबर शर्टाचा वास बाहेर गेला.

सार्जंटने नाक पुढे केलं. "मिस्यू, उतरता का जरा?"

ओताकारने फुंकर मारली. यंत्र किंचाळलं. सार्जंटच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी फक्त बाळंतिणीच्या खोलीबाहेर बघितलेलं आहे.

"लायसन, मिस्यू. आणि गाडीची किल्ली."

"सार्जंटसाहेब, मी गिळलेली नाही. चूळ भरून टाकली. तोंडात राहिलेलं आणि रक्तात गेलेलं यातला फरक तुमचं यंत्र ओळखत नाही. पाव तास मला तुमच्यासमोर बसवा. पाणीही देऊ नका. मग पुन्हा फुंकतो."

"पुन्हा कशाला? आकडा आला तो आला."

तोवर मामाचं काम सुरू झालं होतं. आमच्याकडे पोलिसाने अडवलं की दोन गोष्टी करतात: एक, आपण कोणाचे कोण ते सांगायचं, दोन, फोन लावायचा. मामा कॅन घेऊन चौकीच्या सावलीत बसला आणि सुटला. "हॅलो, तैसीर? अरे ओताला पकडलंय! ... हॅलो, हाज खमीस, तुमचा तो साडू अजून मोठ्या साहेबांच्या घरी दूध घालतो ना?" घसा सुकेपर्यंत बोलायचा, कॅनमधून घोट घ्यायचा, पुन्हा बोलायचा.

आणि खरंच, थोड्या वेळात सार्जंटचाच फोन वाजला. तो ताठ उभा राहिला, "जी, जी" म्हणाला, आणि फोन ठेवला तेव्हा त्याचं तोंड कडू झालेलं होतं. लायसन त्याने ओताकारपुढे धरलं.

"जा. मी तुम्हाला पाहिलं नाही."

"बघितलंस?" मामा तिथूनच ओरडला. "मामा म्हणतात मला!"

ओताकारने लायसनला हात लावला नाही.

"नाही जाणार," तो म्हणाला.

मामाच्या हातातला फोन तसाच राहिला. "ओता, वेड लागलं का? सुटलास तू!"

"सुटलो नाही, सोडलं. तू इथून किती जणांना सांगितलंस? आता सगळा मुलूख म्हणेल, ओताकार पिऊन पकडला गेला आणि ओळखीवर सुटला. बूबाकर काय म्हणेल?" तो सार्जंटकडे वळला. "साहेब, कृपा नको. फुंकर पाहिजे."

सार्जंट बघतच राहिला. त्याच्या नोकरीत सुटायला नकार देणारा हा पहिलाच असावा. तो जरा मऊ पडला, पण संशय गेला नव्हता. "पाव तासाची गोष्ट तुम्हाला इतकी नक्की कशी ठाऊक, मिस्यू?"

त्याच वेळी मागे एक गाडी थांबली. मामाचे फोन जिथे पोचायला नको तिथेही पोचले होते. बूबाकर उतरला. सलाम नाही, काही नाही. हात मागे बांधून उभा राहिला.

ओताकारने त्याला पाहिलं. काहीतरी थाप मारायची तर हीच वेळ होती. कुठेतरी वाचलं, कुणीतरी सांगितलं, काहीही. मी मनातल्या मनात त्याला दोनतीन थापा सुचवल्याही.

"कारण एकदा माझ्या देशात मला असंच पकडलं होतं," तो म्हणाला. "मीही म्हणालो होतो, तोंडातलं आहे, पाव तास थांबा. ते थांबले. पुन्हा फुंकलं तर आकडा वाढला होता. लायसन गेलं. घर गेलं. त्यानंतर मी थेंब घेतलेला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण पीत नाही एवढंच सांगितलं तरी इथे लोक हसतात."

कुणी हसलं नाही. बूबाकरने खिशातून एक खजूर काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत खिशात टाकला.

"थांबू या पाव तास," तो म्हणाला.

त्या पाव तासात ओताकार दगडावर बसून हाताला लागलेलं ग्रीस खरवडत होता. सार्जंट यंत्राकडे, बूबाकर ओताकारकडे आणि मी मिठाईच्या खोक्याकडे बघत होतो. त्यातली बकलावा वितळायला लागली होती. एकटा मामा मजेत होता. तो सावलीत बसून हळूहळू गाणं गुणगुणत होता. मला वाटलं, धीर देतोय.

सार्जंटने यंत्र पुढे केलं. ओताकारने डोळे मिटले आणि फुंकर मारली, अशी लांब की त्यात सगळी वर्षं बाहेर यावीत.

यंत्र गप्प. शून्य.

सार्जंटने यंत्र झटकलं. पुन्हा पाहिलं. "शून्य आहे," तो म्हणाला, काहीशा नाराजीने. "यंत्र बिघडलं तर नाही ना?"

"मग दुसऱ्या कुणावर तपासून बघा," बूबाकर म्हणाला. त्याची नजर सावलीकडे गेली. "हमी घ्यायला आलेला वडीलधारा तो आहे ना? त्याच्यावर."

"माझ्यावर?" मामा उठला, एकदा बसला, पुन्हा उठला. "खुशाल! आमच्या घराण्यात कुणी दारूला शिवलेलं नाही!" आणि त्याने रुबाबात फुंकर मारली.

यंत्र असं किंचाळलं की पलीकडची शेळी दावं तोडून पळाली.

"हे खोटं आहे!" मामा गरजला. "मी फक्त लाग्मी प्यायलोय! झाडाची!" त्याने पुरावा म्हणून कॅन उलटा धरला. त्यातून एक थेंब पडला.

सार्जंट खाली बसून हसायला लागला. गणवेशाची घडी मोडली. बूबाकर हसला नाही, पण त्याच्या मिशीचं एक टोक हललं, आणि त्याला ओळखणारे सांगतात की ती हसण्याचीच पद्धत आहे.

"सार्जंट, हा चालवत नव्हता ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग याला मागे टाका." आणि आपली गाडी चौकीवर सोडून बूबाकर पिकअपचं दार उघडून पुढच्या सीटवर बसला. तो बसला, थोडा चाचपडला, आणि पट्टा लावला. "चल. तू चालव."

मागच्या हौद्यात मी, मिठाई आणि गाणारा मामा.

साल्हा दारातच उभी होती. तिच्यापर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि पोचेपर्यंत चांगली फुगली होती. त्यात ओताकार, पिंपभर ताडी आणि बेड्या होत्या. तरी अंगणात कॉफी ठेवलेली होती.

"यंत्राने शून्य दाखवलं," भावाने सांगितलं.

"यंत्राला नाक असतं का?" ती म्हणाली. पुढे होऊन तिने ओताकारच्या शर्टाचा वास घेतला, मग त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आ कर." त्याने केला. तिने एकदा हुंगलं. "तोंड ठीक आहे. पण या शर्टात मागणी घालायला मी बसू देणार नाही."

आत जाऊन तिने भावाचा धुतलेला शर्ट आणला. बूबाकर आडवा आणि ओताकार उभा. बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या आणि पोटाजवळ आणखी एक माणूस राहिला असता. तशा अवतारात तो बैठकीवर बसला.

मागणी घालायचं काम वडीलधाऱ्याचं. वडीलधारा हौद्यात घोरत होता. म्हणून ते मला करावं लागलं. मी घसा खाकरला. "बूबाकरकाका, आम्ही देवाच्या आणि... या शर्टाच्या साक्षीने..."

"पुरे," बूबाकर म्हणाला. "माझा शर्ट घालून बसलेल्या माणसाला मी नाही कसा म्हणू? कॉफी घे, ओताकार."

आणि कॉफीचा पहिला कप ओताकारने नीट वास घेऊन मगच तोंडाला लावला.