काकूंच्या वाट्याची पेन्शन

नाकेदारीण काकू घटस्फोटाला निघाल्या तेव्हा त्या आजी झालेल्या होत्या आणि त्यांचे गुडघेही दुखत होते. तुमसरात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. "काकू, या वयात काहून?" मी विचारलं. "आंधी फुरसत कुठी होती वो!" त्या म्हणाल्या.

काकाजी नाकेदार, म्हणजे जंगलखात्यात वनरक्षक. जन्मभर नाकाडोंगरीकडच्या जंगलात राहिले, घरी सणावारी आले. त्यामुळे संसार छान चालला. निवृत्त झाले आणि जंगलातली गस्त घरात सुरू झाली. शेवग्याची फांदी कोणी तोडली, चुलीत लाकूड कोणतं घातलं, रात्री कडी कोणी लावली नाही, सगळ्याची चौकशी. शेवटी "मी का सागवान चोरून राहिली घरात?" असं ओरडून काकू मागच्या खोलीत वेगळ्या राहू लागल्या आणि काही महिन्यांनी वकिलाकडे गेल्या.

सोबतीला मी होते. वेगळं व्हायला दोघंही राजी, पण घोडं अडलं फंड आणि पेन्शनपाशी.

"नोकरी मी केली," काकाजी म्हणाले.

"अन् घर कोनं राखलं? बटईत जमीन एकाची, मेहनत दुसऱ्याची. धान दोघायले भेटते का नाही?"

वकीलसाहेब कायदा सांगू लागले, पण ही दोघं धान पिकवणाऱ्या घरची. आमच्याकडे खळ्यावर एकजण दोन वाटे पाडतो आणि दुसरा आधी उचलतो. तसंच ठरलं. काकाजींनी डोकं चालवलं. एका वाट्यात फंड-ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम, दुसऱ्यात दर महिन्याची पेन्शन. एवढा मोठा आकडा बघून बाई तिकडेच झेप घेईल, असा त्यांचा होरा.

काकूंनी पेन्शन उचलली. "रास खाऊन सरते. मले शेत पायजे." काकाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

वकीलसाहेबांनी परोपरीनं समजावलं, "बाई, घटस्फोटानंतर तुम्हाला त्यांच्यामागे काही मिळणार नाही. ते गेले की पेन्शन बंद."

काकू जरा दचकल्या. मग म्हणाल्या, "मंग त्यायले मरूच देत नाही मी."

आणि खरंच त्या कामाला लागल्या. काकाजींनी दोन गल्ल्या सोडून खोली घेतली होती. संसारात कधी झाली नाही एवढी त्यांची देखभाल आता होऊ लागली. सकाळी जाऊन त्यांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी नालीत फेकायची, साखर तपासायला दवाखान्यात न्यायचं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तर काकू स्वतः त्यांना बँकेत घेऊन जात. "चला, जिते आहा म्हणून सांगाले!" या कोण, असं कुणी विचारलं की काकाजी कपाळाला हात लावत. "माही सुटलेली बायको. इच्या परवानगीशिवाय मले मराची सोय नाही."

काकाजींच्या जिवाची अशी डोळ्यांत तेल घालून राखण चालली होती. काकूंच्या जिवाकडे कुणी पाहिलंच नाही, त्यांनी स्वतःही नाही. साधा ताप म्हणून अंगावर काढला आणि आठवडाभरात त्या गेल्या. मला अजून त्या भिंतीकडे पाहवत नाही.

पुढच्या पहिल्या तारखेला काकाजी दर महिन्यासारखे पेन्शन घेऊन काकूंच्या दाराशी आले. दाराला कुलूप.

मी बाहेर येऊन म्हटलं, "काकाजी, आता ही पेन्शन तुमचीच."

"मी का करू आता या पैशाचं?" ते पायरीवर बसले. "मी त तिच्या पेन्शनीसाठी जगून राहिलो होतो."