हलत्या गाडीतली झोप

लातूरहून पुण्याला रात्रीच्या लाल एसटीनं निघालं की किल्लारीचे ते काका हमखास शेजारी असतात. आम्ही बाकीचे मान अवघडून जागे असतो आणि ते मात्र प्रत्येक खड्ड्याला घोरत असतात. एकदा म्हणाले, "भूकंप झाल्यापून घरी झोपच न्हाई बगा. गाडी तर हालनारच, तिचं काय भ्या?"

परवा वाटेत गाडी बंद पडली. सगळे आतच बसून होतो. शेजारून उसानं भरलेला ट्रक धडधडत गेला आणि उभी गाडी हादरली. काका ताडकन उठले, माझं मनगट धरलं आणि मला ओढतच खाली रस्त्यावर आणलं. मी हबकलोच. ते अनवाणीच एसटीकडे बघत होते.

"घरात आजून कोन राह्यलं?" त्यांनी मला विचारलं.