पुस्तिकेतला अकरावा संदर्भ

मसुदा मेलवर आला तेव्हा मी सकाळचे पेशंट संपवून दवाखान्यातच डबा उघडत होते. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या फिजिशियनांचा आमचा एक गट आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी मुलुंडच्या एका हॉलमध्ये जमायचं, उपमा-कॉफी घ्यायची, कुणीतरी एखाद्या जर्नलमधला नवा लेख मांडायचा आणि त्यावर बाकीच्यांनी भांडायचं, असा तो गट. पावसाळी तापावर उपचार कसे करावेत याची एक पुस्तिका आपणच काढू या, असं मागच्या बैठकीत ठरलं होतं. छोट्या नर्सिंग होममधल्या तरुण डॉक्टरांना उपयोगी पडेल म्हणून. लिहिणाऱ्यांमध्ये माझं नाव होतं आणि सगळ्यांच्या वर सरांचं.

सर म्हणजे माझे एमडीचे गाईड. आता सत्तरी ओलांडलेले. उपनगरातल्या अर्ध्या फिजिशियनांना त्यांनी शिकवलं असेल.

पोळीचा तुकडा हातात धरून मी मसुदा वाचू लागले आणि जेवायचं राहिलं. भाषा फारच सफाईदार होती. आमच्यापैकी कुणीच असं लिहीत नाही. एक डॉक्टर स्पेलिंग चुकवतात, एकीचं वाक्य कधी संपत नाही, आणि इथे पानंच्या पानं इस्त्री केल्यासारखी. तिसऱ्या पानावर एका इंजेक्शनची शिफारस होती. खूप ताप असेल आणि प्लेटलेट घसरत असतील तर रिपोर्टची वाट न पाहता हे अँटिबायोटिक सलाईनमधून सुरू करावं. पुढे एक वाक्य : 'वृद्ध रुग्णांमध्येही सुरक्षित.' त्यावर बारीक अक्षरात अकराचा आकडा.

अकरावा संदर्भ मी शोधून काढला. जर्नल खरं होतं, लेखही खरा होता. पण त्यातले सगळे रुग्ण तरुण होते आणि ज्यांच्या किडन्या अशक्त होत्या त्यांना अभ्यासातून आधीच वगळलं होतं. मग मी त्याच्या पुढचा संदर्भ उघडला. त्या नावाचा लेख कुठे सापडेचना. दिलेल्या अंकातल्या दिलेल्या पानावर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेवर काहीतरी होतं.

त्या रविवारी कॉफीचे कप गोळा होत असताना मी सरांना गाठलं. "सर, हा मसुदा लिहिलाय कुणी?"

"आपण सगळ्यांनी मिळून. का गं?"

"मी एक ओळ लिहिलेली नाही. आणि इंजेक्शनचे संदर्भ जुळत नाहीत. एक तर अस्तित्वातच नाही." मी प्रिंट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कागद हातात घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहिले.

"टायपिंगची चूक असेल. बघायला सांगतो."

"कुणाला सांगताय?"

ते हसले. "तू फार संशयी झालीयेस हं."

त्याच संध्याकाळी मी गटाला मेल करून माझं नाव काढायला सांगितलं. 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. नंतर आठवडाभर एकच विचार डोक्यात होता : सर औषध कंपनीला विकले गेले. त्यांनी कागदाकडे न पाहणं मला पुन्हा पुन्हा दिसायचं. मग त्यांच्या घरचा नवा सोफा आठवायचा, परदेशातली कॉन्फरन्स आठवायची. आधी कधी खटकलं नव्हतं ते सगळं आता पुरावा वाटायला लागलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सोफा काय लोक स्वतः घेत नाहीत काय?" तेही खरंच होतं.

ऑगस्टमध्ये बाबांना ताप आला. बाबा भाऊ-वहिनीबरोबर नाहूरला राहतात. गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात त्यांनी उरलेली नोकरी काढली. बोलणं मात्र अजून गावचंच. बीपी जुनं, आणि किडनी बरीच वर्षं जेमतेम काम करतेय. मी ओपीडीत असताना भावाने त्यांना घराजवळच्या नर्सिंग होममध्ये दाखल केलं आणि मग मला फोन केला.

मी पोहोचले तेव्हा बाबा पलंगावर बसून सिस्टरशी हुज्जत घालत होते. "ह्या बाटलीत काय आसा ता आधी माझ्या चेडवाक विचारा. ती डॉक्टर आसा."

"बाबा, पडून राहा."

"पडतंय. पण ह्येंका विचार तू. कित्याक टोचतत ता कोण सांगणा नाय."

त्यांचं आयुष्य असंच गेलंय, कुणी काही दिलं की आधी वास घेऊन बघायचा. लहानपणी मला याची लाज वाटायची. त्या दिवशी मी सरळ केसपेपर मागितला. प्लेटलेट घसरलेल्या, डेंगीचा रिपोर्ट संध्याकाळी येणार होता, आणि खाली त्याच इंजेक्शनचं नाव. पूर्ण डोस. पहिली बाटली तयार होत होती.

ड्यूटीवरचा डॉक्टर तिशीतला होता, नुकताच एमडी झालेला. मी त्याला पॅसेजमध्ये बोलावलं. "हे इंजेक्शन थांबवा. त्यांच्या किडनीला झेपणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं ते मला ओळखीचं होतं. नातेवाईक डॉक्टर असला की आम्हीही असंच पाहतो : आला अडथळा. "मॅडम, तुमची काळजी समजते. पण आम्ही गाईडलाईननुसारच करतोय." असं म्हणून त्याने टेबलावरून पुस्तिका आणली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पावसाचे थेंब. छापून वाटलीसुद्धा होती. त्याने पहिलं पान उघडलं आणि जरा थांबला. "यात तुमचंच नाव आहे ना?"

होतं. सरांच्या खाली, डिग्रीसकट.

नाव काढायला सांगितलं होतं हे या मुलाला कसं पटवणार? माझ्या नावाची पुस्तिका माझ्याच बापावर चालली होती आणि मी म्हणत होते की ती पाळू नका.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हटलं. "पुस्तिकेवरही नको. अकरावा संदर्भ आत्ता फोनवर उघडा. मूळ लेख. सारांश नको, कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं तेवढंच वाचा."

तो मनाविरुद्ध करत होता, हे दिसत होतं. पॅसेजमध्ये वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत गेला, आम्ही दोघं भिंतीला चिकटलो. तो बोटाने स्क्रीन सरकवत होता. सरकवता सरकवता बोट थांबलं. तो तेवढाच भाग परत वाचायला लागला.

"किडनीवाले घेतलेच नाहीत," तो हळू आवाजात म्हणाला.

"आता बारावा शोधा."

तो त्याला सापडला नाही. त्याने पुस्तिका मिटली आणि आत जाऊन सिस्टरला बाटली काढायला सांगितली. मग परत येऊन म्हणाला, "मॅडम, या महिन्यात मी बऱ्याच जणांना दिलंय हे." त्यांचे किडनीचे रिपोर्ट पुन्हा काढून बघ, एवढंच मी म्हणाले, आणि बोलता बोलता 'तुम्ही'वरून 'तू'वर आले.

संध्याकाळी डेंगीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. अँटिबायोटिकचं कामच नव्हतं. सलाईन मोजून देत राहिलो आणि ताप उतरला. बाबांना घरी न्यायच्या दिवशी त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या इंजेक्शनान मी मेलंय असतंय?"

"नाही सांगता येत, बाबा. काही झालंही नसतं कदाचित."

"मग इतक्या भांडलंस कित्याक?"

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले, पुस्तिका पर्समध्ये घालून. काय बोलायचं याची रिक्षात तयारी केली होती. त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि विचारलं, "कोण?" मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

मी सगळं सांगितलं. बाबा, बाटली, माझं नाव. ते ऐकत राहिले. बोलून झाल्यावर मी पुस्तिका त्यांच्यापुढे धरली. "सर, तिसरं पान वाचा. मोठ्याने."

त्यांनी हात पुढे केलाच नाही.

"येत नाही गं वाचता," ते म्हणाले. "वर्ष झालं. बघतो तिथेच मधोमध धूसर दिसतं. कडेचं दिसतं म्हणून चालतो-फिरतो, कुणाला कळत नाही. त्या इंजेक्शनच्या कंपनीचा एक माणूस यायचा, नवे लेख वाचून दाखवायचा. छान वाचतो. मसुदा त्यानेच केला. मला वाटलं, तो वाचतोय तेच छापलेलं आहे."

"मला सांगायचं होतं."

"कुणाला काय सांगणार? न वाचणारा गाईड कुणाला हवाय?"

माझा राग कुठे ठेवावा कळेना. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावून गटातल्या सगळ्यांना पुस्तिका परत मागवायला सांगितली. बहुतेक प्रती परत आल्या. त्या तरुण डॉक्टरने त्याच्या पेशंटना परत बोलावलं. एका आजोबांची किडनी बिघडली होती, पण वेळेवर लक्षात आलं आणि ती सावरतेय, असं त्याने मला कळवलं. कंपनीचा माणूस पुन्हा सरांकडे आला नाही.

आता शनिवारी दुपारी मी सरांकडे जाते आणि जर्नल वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच थांबवतात. "हे असंच लिहिलंय? की तू गाळतेयस काही?" मी तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचते.

एकदा मी निघताना टेबलावर त्यांचा फोन वाजला. त्यांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं आणि उचलायच्या आधीच म्हणाले, "मुलीचा आहे." नाव वाचलं का त्यांनी? रिंगटोन वेगळी असेल. कडेचं दिसतं, असंही ते म्हणालेच होते. चप्पल घालता घालता मी त्यांच्याकडे पाहत राहिले, पण विचारलं नाही.