अप्पांचं कल्याण

जुलैमधला एक रविवार, सकाळचे दहा. हजर: मी, माझी मुलगी सायली, माझे सासरे अप्पा (विधुर, वय अठ्ठ्याहत्तर), काचीगुड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधले झाडून सगळे शेजारी आणि एक सनईवाला. सनईवाल्याला मी बोलावलं नव्हतं.

सायली शेवटच्या वर्षाला आहे. त्यांच्या विद्यापीठात हल्ली समाजसेवेशिवाय पदवी मिळत नाही. बिल्डिंगमधल्या ज्येष्ठांना मोबाइलवरून महापालिकेकडे तक्रार करायला शिकवायचं, असं तिनं ठरवलं. (तक्रारीत ते तरबेज आहेतच, फक्त आजवर माझ्याकडे करतात.) कॉलेजच्या मॅडम येऊन शिकवणं बघणार, मगच सही. माणसं जमली नाहीत तर पदवी अडणार. म्हणून मी सूत्रं हाती घेतली. सायली नको नको म्हणत होती.

वॉचमन यादगिरीला फोनवर सांगितलं, बोर्डावर लिही: रविवारी दहाला, खालच्या हॉलमध्ये ज्येष्ठांचं कल्याण. अप्पांचं नाव ठळक टाक, म्हणजे लोक येतील. त्यानं तेलुगूत लिहिलं. मी येताजाता त्या बोर्डाकडे कौतुकानं बघत होते. इतकी वर्षं हैदराबादेत काढली. वाचता येत नसलं तरी भाजी घेण्यापुरतं तेलुगू मला येतं. लग्नापुरतं येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

लोक आले ते रेशमी साड्या नेसून, गजरे माळून, हातात आहेर घेऊन. समोरच्या लक्ष्मीगारूंनी अप्पांच्या गळ्यात हार घातला. कशाबद्दल, हे अप्पांनी विचारलं नाही. हार त्यांना आवडला होता. मग लक्ष्मीगारूंनी मला हळूच विचारलं, "दुल्हन किधर है?"

मी यादगिरीकडे वळले. तो शांतपणे म्हणाला, "आपईच बोले ना अम्मा, अप्पाजी का कल्याणम्."

तेलुगूत कल्याणम् म्हणजे लग्न!

नेमक्या त्याच वेळी मॅडम दारात उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, एकट्या. सायलीनं घाईघाईनं मोबाइल उंच धरून तुंबलेल्या गटाराच्या तक्रारीपासून सुरुवात केली. सनईवाल्याला तो मुहूर्त वाटला. त्यानं सूर लावला. लक्ष्मीगारूंनी मॅडमना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि दुसरा हार उचलला.

मॅडमनी सही केली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा येईन, पण शिकवणं दिसलं पाहिजे, एवढं बोलून त्या गेल्या. मी शेजाऱ्यांना खरा प्रकार सांगून हात जोडले. त्यांनाही राग आला. लग्नाला म्हणून कपाटातल्या साड्या काढल्या, त्या काय गटारासाठी? पुन्हा यायला ते तयार झाले, पण एका अटीवर: आधी लग्न, मग मोबाइल.

मी हताश होऊन अप्पांकडे बघितलं. हार गळ्यातच होता.

"वंदना," ते म्हणाले, "पोरीच्या पदवीचा प्रश्न आहे. माझी काही हरकत नाही."

हॉल ठरला आहे. खुर्च्या सांगितल्या आहेत. सायली माझ्याशी बोलत नाही. काम एकच राहिलं आहे: सासऱ्यांसाठी स्थळ बघणं.